कातडी खाली बसेपर्यंत

सकाळी मांजराच्या पिल्लाच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली, तर ती खाली बसलीच नाही. कपड्याला चुकून पडलेल्या घडीसारखी उभी राहिली. मी एक, दोन, तीन म्हणालो, तेव्हा कुठे ती माझ्यावर उपकार केल्यासारखी हळूहळू जागेवर गेली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. बोटांना ही चिमूट कुणी शिकवली ते मला आठवायचं नव्हतं, पण बोटं काही मला विचारून आठवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं माझ्या लेकीच्या पोटावरची कातडी अशीच उचलून सोडली होती आणि म्हणाला होता, "बघा, अंगातलं पाणी कमी झालंय. चमच्याचमच्यानं पाजत राहा. घाई करू नका." पिल्लू न्हाणीघराच्या दाराशी पायपुसण्यावर पडलं होतं. डोळे आत गेलेले, शेपटीखाली पिवळं काहीतरी वाळलेलं, आणि समोर खोल वाटीत पाणी काठोकाठ, काल संध्याकाळी भरलं होतं तेवढंच्या तेवढं. मला दया यायला हवी होती. मला राग आला. एवढंसं चिमूटभर जनावर, आणि मी घसा कोरडा पडेपर्यंत चुचकारूनही पाण्याकडे ढुंकून बघत नाही म्हणजे काय? "पी की मेल्या," मी ओरडलो. त्यानं फक्त कान मागे घेतले. मी वाटी उचलून भिंतीवर फेकली. ती गडगडत स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ गोल फिरत राहिली. उद्या रविवार होता. उद्या चार वाजता बारकी येणार होती.

बारकी म्हणजे माझी मुलगी. नऊ वर्षांची आहे. शाळेत तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण मी बारकीच म्हणत आलो. ती आणि तिची आई दोन वर्षं माझ्या मेव्हण्याकडे राहतात. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, चार ते पाच, ती माझ्या वाट्याला येते, तीही अटी घालून. दार सताड उघडं ठेवायचं. तिची आई वर येत नाही. जिन्याच्या वळणाखाली, दारापासून सातव्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसते, म्हणजे आतलं सगळं ऐकू यावं. त्या तासाभरात मी मुलीशी बोलतो ते खरं तर जिन्याशी बोलतो. शाळा कशी आहे, जेवलीस का, उंची वाढली वाटतं. पूर्वी माझ्या खांद्यावर बसून माझेच केस ओढणारी पोर आता मला अहो-जाहो करते आणि खुर्चीच्या काठावर बसते. गेल्या खेपेला मात्र ती आली तीच फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी धरून. "खाली टायरात होतं," ती म्हणाली. "याची आई दोन दिवस आलेली नाही. वॉचमनकाका सांगत होते." मग माझ्याकडे न बघता, त्या राखी गोळ्याकडे बघत, "मामाकडे चालत नाही. मामीला शिंका येतात. तुम्ही सांभाळाल?" मी हो म्हणालो. कुठल्याही गोष्टीला हो म्हणालो असतो. "याला पाणी लागेल. सारखं. पण जबरदस्ती करायची नाही," ती म्हणाली, आणि बोलताना तिचा पुढचा अर्धा तुटलेला दात दिसला. मी विचारलं, नाव काय ठेवायचं? "जगलं तर ठेवू." सातव्या पायरीवर वर्तमानपत्र चुरचुरलं. मी काही दूधखुळा नाही. तिनं मला मांजर दिलं नव्हतं. तिच्याकडे माझ्याविषयी जो काय थोडा भरवसा उरला होता, तेवढा सगळा माझ्या तळव्यावर ठेवला होता. हे पिल्लू मेलं असतं तर पुढच्या रविवारी तिच्या पोटात दुखलं असतं, त्याच्या पुढच्या रविवारी परीक्षा असती, आणि मग रविवारच संपले असते. शनिवारी सकाळी पायपुसण्यावर ते जे पडलं होतं त्यात माझे सगळे रविवार पडले होते, आणि ते पाणी पीत नव्हतं.

कामावर जावंच लागलं, शनिवारी अर्धा दिवस असतो. वाटी पुन्हा भरून ठेवली, दार ओढलं. माझं कामही पाण्याचंच आहे. गॅसचे रिकामे सिलिंडर आमच्याकडे तपासायला येतात. सिलिंडर उभा करायचा, मान वर, आणि तोंडाशी येईपर्यंत पाणी भरायचं. मग लाकडी हातोडीनं त्याच्या अंगावर थापट्या मारत राहायचं, म्हणजे आत दडून बसलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. हवा म्हणून आत राहता कामा नये. हवा दाबली जाते, मनात धरून ठेवते, आणि सुटली की समोरच्या माणसाला घेऊन जाते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्यानं फुटलेलं जागच्या जागी फुटतं. म्हणून मान वर, हवा बाहेर. वीस वर्षं माझे हात एवढंच करत आलेत, झोपेतून उठवलं तरी करतील. मग तोंडाला नळी आवळायची, लोखंडी दाराआड यायचं आणि दाब चढवायचा. शेवटचा दाब हातपंपाच्या दांड्यानं, कारण तो अंदाजानं द्यावा लागतो. माझ्या शेजारी काटेवाला असतो. तो दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून आकडे ओरडतो, म्हणून काटेवाला. ठरल्या आकड्याला थांबायचं. अर्धा मिनिट काटा हलला नाही की माल पास. पण प्रत्येक लॉटमधला एक पास करायचा नसतो. तो फोडायचा असतो, बाकीचे कुठवर सहन करतील ते कळावं म्हणून. तो फोडायचं काम माझं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. दांडा जड होत जातो, लोखंड कण्हायला लागतं, पोट फुगतं, आणि मग पायाखालच्या फरशीतून एक धक्का येतो, कानात नाही, थेट दाढांत. दार उघडून बघावं तर पोटावर हातभर फाटलेलं असतं, कडा बाहेर वळलेल्या, आणि त्यातून पाणी निवांत वाहत असतं. त्या क्षणी माझ्या अंगातलं काहीतरी शांत होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी बायकोला मी हे कौतुकानं सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

त्या शनिवारी जो सिलिंडर लावला होता तो फोडायचा नव्हता. पास करून परत पाठवायचा होता. मी दांडा मारत होतो. काटेवाला ओरडत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती उभी राहिलेली कातडी होती, तिच्यामागे दुसरी एक कातडी होती, पोटावरची, आणि मी दोन्ही खाली बसवायला निघालो होतो. दांडा जड झाला. जड झाला की माझा हात सोडत नाही, उलट चेकाळतो. कुणीतरी "थांब" म्हणत होतं. मला ते नीट ऐकू येत होतं. ऐकू आलं नाही असं मी नंतर फोरमनला सांगितलं, पण ऐकू येत होतं, फक्त ते हातापर्यंत जात नव्हतं. "थांब! अरे थांब, मुडद्या!" आणि नळी जोडातून सुटली. सापासारखी वगैरे म्हणतात, तसलं काही नाही. दिसलीच नाही. लोखंडी दाराच्या कडेवर फाडकन आवाज झाला, आमच्या अंगावर पाण्याचा फटकारा आला, आणि काटेवाला खाली बसला होता. कानाची पाळी लोंबत होती. रक्त मानेवरून सदऱ्याच्या कॉलरमध्ये आणि तिथून पाण्यात मिसळून फिकट होत छातीवर. दाराच्या पत्र्यावर त्याच्या डोक्याच्या उंचीला खोक पडली होती, दोन बोटं खोल. मी फडकं घेऊन त्याचा कान दाबून धरला. माझी बोटं थरथरत नव्हती, याचीच मला भीती वाटली.

"काय झालंय तुला?" त्यानं विचारलं. शिव्या देत नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"घरी मांजराचं पिल्लू आहे. पाणी पीत नाहीये."

बारा वर्षं आम्ही एका दाराआड उभे राहतोय. "म्हणून मला मारतोस?" तो म्हणाला, आणि हसायला गेला तर कानातून कळ आली. "डॉक्टरला दाखव त्याला. डेपोच्या मागे एक बाई आहे जनावरांची. आणि ऐक. तुझ्या हाताला कान नाहीत, लेका. मी इतकी वर्षं बघतोय. आज माझं नशीब की नुसता कानच गेला." फोरमननं मला घरी जायला सांगितलं, सोमवारी बघू म्हणाला. काटेवाल्याला टाके घालायला नेलं. त्याच्या खुर्चीवर त्याचा डबा तसाच होता, आणि कुणाचंही लक्ष नसताना मी तो पुसून सरळ ठेवला, जणू त्यानं काही भरून निघणार होतं.

पिल्लू जागचं हललं नव्हतं. त्याला टोपीत घालून नेलं. डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या, हातावर ओरखड्यांची जाळी. त्यांनी त्याला काट्यावर ठेवलं, चारशे दहा ग्रॅम. ओठ उचलून हिरडीवर बोट टेकवलं. "चिकट आहे. ओली हवी हिरडी." मानेमागची चिमूट घेतली, माझ्यासारखीच, फक्त हळू. "खायला काय देता?"

"कोरडं मिळतं ना पाकिटातलं, ते. आणि दूध."

"कसलं दूध?"

"आपलं नेहमीचं. वाटीभर. तीनदा."

"दूध कुणी सांगितलं?"

आता दूध द्यायला कुणी सांगावं लागतं का? लेकीनं पाणी म्हटलं होतं, मी मनाचा मोठेपणा करून दूध दिलं. बाई म्हणाल्या, त्यानंच जुलाब लागलेत, आणि होतं नव्हतं ते पाणीही गेलं. त्यांनी एक सुई पाठीच्या कातडीखाली घातली आणि त्यातून पाणी सोडलं. पिल्लाच्या पाठीवर लिंबाएवढा फुगा आला. त्यानं हूं की चूं केलं नाही. "ओरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला समोर उभं करून शिकवलं. दूध बंद. खाणं पाण्यात कालवून पातळ, कोमट. वाटी पसरट आणि उथळ, मिशा कडेला लागल्या तर हे लोक तोंड घालत नाहीत. पाणी त्याच्या घाणीच्या पेटीपासून लांब. आणि आज दर अर्ध्या तासानं ह्या पिचकारीनं थोडं थोडं. सुई काढलेली छोटी पिचकारी होती. "चार पायांवर असू दे, जसं उभं राहतं तसं. टोक गालाच्या बाजूनं, दातांमागं. एक थेंब. गिळलं का बघा. मग दुसरा. नको म्हणालं तर थांबा. मान वर करायची नाही. अजिबात नाही. मान वर केली की पाणी सरळ श्वासात जातं."

"आमच्याकडे मान वरच करतात," मी म्हणालो.

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"कामावर."

त्यांना काही कळलं नाही. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं, आणि ते कळणं मी टोपीत पिल्लाशेजारी घालून घरी घेऊन आलो.

दीड वाजता तीन थेंब गेले. दोन वाजता दोन. मी जमिनीवर पालथा झोपून, गाल फरशीला लावून त्याचा घसा बघत होतो, आणि घसा हलला की मला माझ्याच घशात थंड वाटत होतं. अडीचला त्यानं दात आवळले. तीनला आवळले. साडेतीनला पिचकारी दिसताच पाय ताठ करून तोंड फिरवलं. नको म्हणालं तर थांबा. पण किती थांबायचं? कातडी पुन्हा उभी राहायला लागली होती, पाठीवरचं लिंबू जिरून गेलं होतं, आणि चोवीस तासांत बारकी दारात उभी राहणार होती. मला माझा बाप आठवला. तो उगाच आठवत नाही, हाताला काम नसलं की आठवतो. बाप चिडून मारत नसे. तो हात पुढे करायला लावायचा, तळवा वर, आणि पट्ट्याचे दहा मोजायचा. हात हलला की पुन्हा एकपासून. मी सहा वर्षांचा असताना एकदा तो एकतीस वेळा मोजत राहिला होता, कारण मी हलत होतो. अकरा वर्षांचा झालो तेव्हा माझा हात हलायचा बंद झाला. बाप खूश झाला, आता पोरगा कामाचा झाला म्हणाला. न हलणारा हात एवढीच त्याची इस्टेट, ती मला आली. मी त्या पिल्लाला म्हणालो, "हे बघ, मी तुला मारत नाहीये. मी पाणी देतोय. पाणी देतोय मी तुला!" शेजारच्यांचा रेडिओ बंद झाला इतक्या मोठ्यानं म्हणालो. त्यानं माझ्या मनगटावर नखं रोवली, आणि हातानं आपलं काम सुरू केलं. डाव्या हातात त्याला उभं धरलं. मान वर केली. अंगठ्यानं जबडा उघडला. पिचकारी मधोमध. दट्ट्या दाबला. अडला. अडला म्हणून आणखी दाबला.

नाकातून बुडबुडे आले. बुडबुडे बघून माझ्या हाताला समाधान झालं. हे मी कुणाला सांगणार आहे? हवा बाहेर येतेय, असं हाताला वाटलं. आणि मग पिल्लू ढिलं पडलं, नखं मनगटातून आपोआप सुटली, आणि माझ्या हातात पिल्लू नव्हतं. माझ्या हातात सात वर्षांची बारकी होती, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, सकाळपासून ओकून ओकून पिवळी पडलेली. चमच्यानं देऊन होईना. ती तोंड मिटायची, डोकं हलवायची, आणि पोटावरची कातडी उभीच राहायची. मी तिला आडवं दाबलं, नाक चिमटीत धरलं, मान मागे केली आणि स्टीलच्या पेल्यानं मीठ-साखरेचं पाणी ओतलं. पेला दातावर आपटला. कच्चकन आवाज आला. तिची आई माझ्या दंडाला लोंबकळत किंचाळत होती, "अहो सोडा, मरेल ती, सोडा!" मी तिला कोपरानं ढकललं. ती फडताळाच्या कडेवर आपटली, खांद्याचं हाड मोडलं. मोडल्याचा आवाजही मी ऐकला. ऐकू मला सगळं येतं. बारकीचे ओठ राखाडी झाले, नाकातून पाणी आणि रक्त आलं, आणि पेला रिकामा झाला तेव्हाच मी थांबलो. तीन आठवडे ती छातीत पाणी होऊन दवाखान्यात होती. तिथल्या बाकावर, गळ्यात हात अडकवून बसलेल्या बायकोला मी पहिलं वाक्य काय म्हणालो? "पण पाणी पोटात गेलं ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. घरी ती परत आलीच नाही.

पिल्लाला उलटं केलं, डोकं खाली. पाठीवर थोपटलं. काही नाही. मग त्याचं ते नखाएवढं नाक मी माझ्या तोंडात घेतलं आणि ओढलं. खारट पाणी आलं, थुंकलो, पुन्हा ओढलं. त्याच्या बरगड्यांवर अंगठा फिरवत राहिलो आणि रडत होतो, मोठ्यानं, नाक वाहत, तोंडात मांजराचे केस. माझ्या तोंडून "बारके, बारके" एवढंच येत होतं. कधीतरी एक शिंक आली. मग एक उचकी. मग त्यानं तोंड उघडून असा काही आवाज काढला की मी ते खाली ठेवलं आणि त्याच्यापासून लांब, दाराशी जाऊन बसलो. मी जवळ नसणं हेच त्याच्यासाठी बरं होतं. सहा वाजता पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी छाती ऐकली, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "मान वर केलीत ना?" मी हो म्हणालो. पिल्लाला माझ्या हातात द्यायच्या आधी त्या थोडं थांबल्या.

रविवारी सकाळी ते आपणहून पाणी प्यायलं. डब्याचं उथळ झाकण होतं, त्यात बोटभर पाणी, आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. चपचप असा आवाज आला. वळून बघायची हिंमत झाली नाही. दुपारपर्यंत त्यानं तीनदा झाकण चाटून पुसून काढलं. चिमूट घेतली तर कातडी एक म्हणायच्या आत बसली. म्हणजे मी सुटलो होतो. चार वाजता बारकी आली, खाली बसली, आणि तिनं पहिलं काय केलं तर त्याच्या मानेमागची कातडी उचलून सोडली. तिला कुणी शिकवलं होतं ते मला विचारावं लागलं नाही.

"बसली," ती म्हणाली. "पाणी पितं?"

"पितं. झाकणातून."

"जबरदस्ती नाही ना केलीत?"

जिन्यातलं वर्तमानपत्र वाजायचं थांबलं. नाही म्हणायला काय लागत होतं? पिल्लू धडधाकट, खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि ती विश्वास ठेवायला तयार होती, तोंडावर दिसत होतं. मी तोंड उघडलं. "केली," म्हणालो. "काल. दूध घालून मीच त्याला आजारी पाडलं, आणि मग मान वर करून पाणी ओतलं. मेलं होतं जवळजवळ." पिल्लू तिच्या फ्रॉकची दोरी चावत होतं. मग तिनं मोरीच्या कट्ट्यावरची पिचकारी पाहिली, उठली, ती नळाखाली धरून भरली. काठोकाठ भरली. परत आली. "बसा खाली," म्हणाली. मी फरशीवर बसलो. "मान वर." मी मान वर केली. दोन्ही हात मांड्यांखाली घातले. तिनं माझं नाक चिमटीत धरलं, घट्ट, नखं रुतेपर्यंत. "आ करा."

तिनं दट्ट्या एका दमात दाबला. पाणी घशाला लागलं आणि मग भलतीकडे गेलं. छातीत कुणीतरी निखारा लोटल्यासारखं झालं, श्वास घ्यायला गेलो तर आत पाणीच होतं, डोळ्यांपुढे काळं. माझा उजवा हात मांडीखालून निम्मा बाहेर आला. तो तिला मारायला आला होता. त्याला ती कोण आहे हे माहीत नव्हतं. मी त्याच्यावर माझं सगळं वजन टाकलं, वाकून खोकलो, ओकलो, नाकातून पाणी आणि शेंबूड फरशीवर आला, आणि खोकल्याच्या मधल्या फटीत जिन्यावरून धावत येणारी पावलं ऐकली. सात पायऱ्या. बायको दारात उभी होती. दोन वर्षांत मी तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तो खोकला तिनं ओळखला होता.

"बारके! काय करतेयस?"

"पाणी पाजतेय," बारकी म्हणाली.

तिचा वरचा ओठ दातांवर ताणला गेला होता. तो ओठ मी आरशात पाहिलाय, त्याआधी बापाच्या तोंडावर पाहिलाय, आणि त्या निखाऱ्यापेक्षा मला त्या ओठाची भीती वाटली. तिनं पिचकारी झाकणातल्या पाण्यात बुडवून पुन्हा भरली. मी पुन्हा मान वर केली, माझी मीच, आणि तोंड उघडलं. दारातून बायको "पुरे" म्हणाली नाही. ती आतही आली नाही. बारकी माझ्यासमोर उभी होती, पिचकारीचं टोक माझ्या दातांना लागत होतं आणि टकटक वाजत होतं, कारण तिचा हात हलत होता. तिचा हात हलत होता, ते मी डोळे मिटेपर्यंत बघत राहिलो. पाणी आलं नाही.

"दुखलं?" तिनं विचारलं.

"हो."

"कुठे?"

"इथे. छातीत."

"मला पण तिथेच दुखलं होतं," ती म्हणाली. आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता, अर्धा दात ओठावर रोवून. पिल्लू तिच्या पायांतून येऊन मी सांडलेलं पाणी हुंगत होतं, बायकोनं पुढे होऊन त्याला उचललं आणि पुन्हा उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. बारकीनं मनगटानं नाक पुसलं. माझ्या डोक्यामागे हात घातला आणि माझी मान हळूच खाली आणली. पिचकारीचं टोक गालाच्या बाजूनं दातांमागं सरकवलं आणि एक थेंब सोडला.

"गिळा," ती म्हणाली, आणि मी गिळेपर्यंत थांबली.